चार टक्क्यांच्या मगदूम मॅडम

मी जळले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला ते ओळखत बसायला नको. वय सत्तावन्न, निवृत्तीला सात महिने उरलेले, इचलकरंजीच्या एका नावाजलेल्या शाळेत गणित शिकवण्यात तेहतीस वर्षं गेलेली. अशी मी, उज्ज्वला मगदूम, मागाच्या शेडमध्ये धागे ओवणाऱ्या एका बाईवर जळले. तिचं नाव रेणुका तळवार. शाळा जेमतेम नववीपर्यंत. तिला माझ्याकडून काहीच नको होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचाच मला जास्त राग आला.

सुरुवात सानिकापासून करायला हवी. सानिका मुरदंडे माझी विद्यार्थिनी, आमच्या गावातल्या सूतवाल्या मुरदंड्यांची मुलगी. दहावीला गणितात शंभरपैकी शंभर, पुढे पुणे, मग परदेश, आणि आता एकतिसाव्या वर्षी तिने तयार केलेल्या यंत्रावरून देशोदेशीचे शिक्षणतज्ज्ञ एकमेकांशी भांडतायत. गेली कित्येक वर्षं प्रत्येक पालकसभेत मी 'आमची सानिका' म्हणत आले. ॲडमिशनला आलेले पालक आडून आडून विचारायचे, "आठवी अ ला मगदूम मॅडमच असतील ना?" तेवढं ऐकलं की मला दिवसभर जेवण नसतं तरी चाललं असतं.

यंदा शाळेचा अमृतमहोत्सव. मुरदंड्यांनी नवी गणित-प्रयोगशाळा बांधून दिली आणि अट एकच घातली. ज्यांनी सानिकाला गणित शिकवलं त्यांचं नाव प्रयोगशाळेला द्यायचं, आणि ते नाव सानिका स्वतः समारंभात जाहीर करणार. मुख्याध्यापक बिरनाळे सर स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत मला म्हणाले, "काय मॅडम, पाटी रंगवायला आत्ताच टाकू काय?"

"छे हो, सानिका ठरवेल काय ते," मी म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी नवी इरकली साडी घेतली.

समारंभाच्या तीन आठवडे आधी, एका शनिवारी शाळा सुटल्यावर, सानिका ते यंत्र घेऊन आली. त्याचं नाव 'उगम'. दिसायला ती पोहण्याची टोपी असते तशी टोपी, आतून हरभऱ्याएवढे संवेदक बसवलेले, आणि सोबत एक टॅब. आम्ही बावीस शिक्षक सभागृहात बसलो होतो. मी पहिल्या रांगेत होते, हे सांगायला नकोच.

"आपण काही शिकतो तेव्हा नुसती ती गोष्ट शिकत नाही," सानिका सांगू लागली. "शिकवणाऱ्याचा आवाज, चेहरा, तेव्हा वाटलेली भीती किंवा मजा, हे सगळं त्या गोष्टीबरोबर मेंदूत एकत्र शिवलं जातं. पुढे आपण शिकवणाऱ्याला विसरतो. नऊचा पाढा तुम्हाला नक्की कुणी शिकवला, आठवतंय कुणाला? नाही. पण टाका तसाच राहतो. नऊचा पाढा म्हणताना दर वेळी तो हलतो. आमची टोपी तो टाका शोधते."

मग तिने रीत सांगितली. आधी ओळखफेरी करायची, म्हणजे माणसाला त्याच्या ओळखीच्या लोकांचे फोटो दाखवायचे, आवाज ऐकवायचे. प्रत्येक ओळखीच्या माणसाला मेंदू वेगळी दाद देतो, ती यंत्र टिपून ठेवतं. त्यानंतर त्याला गणित घालायचं. ते सोडवताना मेंदूत जे उमटतं त्यात कुणाच्या किती खुणा मिसळल्या आहेत, ते टॅबवर टक्क्यांत दिसतं. "आणि गणितच पाहिजे असं नाही," ती म्हणाली. "शिकलेली कुठलीही गोष्ट चालते. सायकल, शिवी, देवळात हात जोडणं. टोपी डोक्यावर आहे तोवर ते मोजत राहतं."

आमचे इतिहासाचे सर म्हणाले, "पण ह्याचा उपयोग काय?"

"सर, शाळा नक्की काय करते यावर समाजशास्त्रात शंभर वर्षं दोन घराणी भांडतायत," सानिका म्हणाली. "एक म्हणतं, शाळा म्हणजे चाळण. मूल कुठल्याही घरातून येऊ दे, शाळा सगळ्यांना सारखं शिकवते, हुशार कोण ते निवडते आणि ज्याला त्याला योग्य जागी पोचवते. समाज त्यावर चालतो. दुसरं म्हणतं, चाळण खरी, पण तिची भोकं कुणी पाडली ते बघा. ज्या घरात पुस्तकं आहेत, शाळेच्या भाषेत बोलणारी माणसं आहेत, तिथली मुलं आपोआप वर राहतात. घरून मिळालेल्यावर शाळा फक्त शिक्का मारते आणि त्याला गुणवत्ता म्हणते. दोन्ही घराणी बाहेरून आकडेवारी मांडत राहिली. मुलाच्या आत कुणालाच बघता येत नव्हतं. आता येतं."

मला त्या भांडणात रस नव्हता. माझी अ तुकडी तेहतीस वर्षं चाळणीतूनच निघाली होती. आमच्या शाळेची ती पद्धतच होती. सहामाहीचे गुण लागले की दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वर्गशिक्षिका यादी वाचणार, गुण घसरलेली मुलं दप्तर घेऊन ड तुकडीत जाणार आणि ड मधली वरची तेवढीच मुलं अ मध्ये येणार. आठवी अ ची यादी मी वाचायची. कुणाला ते कठोर वाटत असेल, पण निकाल बघा की आमचे.

"दाखवते कसं ते," असं म्हणून सानिकाने टोपी स्वतःच्याच डोक्यावर चढवली. तिची ओळखफेरी आधीच झालेली होती. तिने संगणकाला एक गणित घालायला सांगितलं, डोळे मिटले, आणि मागच्या पडद्यावर नावं सरकू लागली. मी पदर सारखा केला.

पडद्यावर आलं: रेणुका तळवार, त्रेसष्ट. त्याखाली पुण्याचे कुणी प्राध्यापक, चौदा. मग वडील, अकरा. मग काही परदेशी नावं. आणि मग उज्ज्वला मगदूम, चार.

बिरनाळे सर खोकले. मागच्या रांगेतल्या नव्या विज्ञानाच्या मॅडमनी शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि शेजारणीने ओठ आवळले. मी हसले. हसण्यावाचून काय करणार? अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"ही रेणुका कोण गं?" सगळे उठल्यावर मी अगदी सहज विचारलं.

सानिकाच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्यासाठी कधी आलं नव्हतं. "रेणू? माझ्या बाकावर बसायची मॅडम, आठवीत. मागावर कामाला असणाऱ्या बसाप्पा तळवारांची. तुम्हाला आठवत नाही?"

नाही आठवत. तेहतीस वर्षांत हजारो मुलं डोळ्यांखालून गेली, कोण कोण आठवणार?

"अजून बोलणं होतं का तुमचं?"

"दर रविवारी. मी कुठल्याही देशात असले तरी."

मला ती दर शिक्षकदिनी एक मेसेज पाठवायची. फुलांचं चित्र असलेला, सगळ्यांना एकच पाठवतात तसला.

घरी आल्यावर कपाटातून त्या वर्षीचा आठवी अ चा फोटो काढला. पन्नास मुलं, मधोमध मी. सानिका माझ्या उजव्या हाताला. रेणुका नावाची एकही मुलगी नाही. मला बरं वाटलं, पण ते क्षणभरच. फोटो जानेवारीत निघालेला होता. म्हणजे दिवाळीनंतर ती वर्गात नव्हती. म्हणजे मीच यादी वाचली होती.

आमचे हे सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये दिवाणजी होते, आता घरी असतात. चहा पिता पिता मी विचारलं, "तळवारांची रेणुका माहीत आहे का हो?"

"वहिफणी करते ती? न माहीत असायला काय झालं!" ह्यांनी कप खाली ठेवला. वहिफणी म्हणजे मागावर चढवण्याआधी ताण्याचा एकेक उभा धागा तारेच्या वहीतून, म्हणजे धागे उचलणाऱ्या चौकटीतून, आणि मग फणीच्या दातातून ओवायचं काम. हल्ली त्याला मशीन आहे, पण वेगळ्या डिझाइनचा नमुना काढायचा तर अजून माणूसच लागतो. "अवघड डिझाइन आलं की गावात तिलाच बोलावतात. धाग्यांची चार-चार हजार टोकं, एक चुकत नाही. कागद बघायलासुद्धा लागत नाही तिला. डोकं आहे हो बाईचं!"

लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझ्या डोक्याबद्दल ह्यांनी कप खाली ठेवून कधी काही सांगितल्याचं मला स्मरत नाही. मी उठले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशीच्या पोळ्या ह्यांनी मुकाट्याने खाल्ल्या.

रात्रभर विचार करून सकाळी मला मार्ग सापडला. गणिताचा माणूस अडतो, पण पायरी शोधून काढतो. सानिकाचं गणित रेणुकाकडून आलं, ठीक. पण रेणुकाचं कुठून आलं? पाचवीपासून ती आमच्याच शाळेत. पाचवीला, सहावीला, सातवीला तिला गणित मीच शिकवलं असणार, तेव्हा त्या वर्गांचे तासही माझ्याकडे होते. मग रेणुकाचा उगम मी असेन, तर सानिकाचाही मीच! ती पोरगी मधल्या नळासारखी. पाणी नळातून आलं म्हणून कुणी टाकीला विसरत नाही.

सोमवारी मी सानिकाला प्रयोगशाळेत गाठलं आणि हे सगळं तिच्यापुढे मांडलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"नाव तिचंच द्यायचं ठरवलंयस का तू?" मी विचारलं.

"हो."

"नववी नापास बाईचं नाव शाळेच्या प्रयोगशाळेला? मुलांनी काय बोध घ्यायचा त्यातून?"

"मॅडम, ती नापास झाली नव्हती. तिने शाळा सोडली." सानिका बाकाच्या कडेला टेकली. "तुम्हाला खरंच आठवत नाही? सहामाहीचा गणिताचा पेपर. आमच्या दोघींची शेवटच्या तिन्ही अवघड गणितांची उत्तरं सारखी आली होती. माझ्या पेपरात पूर्ण रीत होती, तिच्यात नुसती उत्तरं. तुम्ही दोन्ही पेपर वर्गात दाखवलेत."

आता आठवलं. मुलगी नाही आठवली, पेपर आठवला. एकही पायरी न लिहिता खाली नुसतं उत्तर, भोवती चौकट काढलेली. अशा पेपराला मी आजही शून्यच देईन.

"रीत न लिहिता उत्तर बरोबर आलं तर कुठलाही शिक्षक म्हणेल की बघून लिहिलंय," मी म्हणाले.

"बघून मी लिहिलं होतं, मॅडम. उत्तरं तिची होती. उत्तर माहीत असल्यावर मागे जाऊन रीत जुळवणं मला घरच्या शिकवणीमुळे जमायचं, तिला कुणी ते सांगितलंच नव्हतं." तिचा आवाज अगदी खाली आला. "तुम्ही तिला उभं केलंत तेव्हा मी गप्प बसले. तेरा वर्षांची होते. पण गप्प बसले."

सूतवाल्याच्या मुलीने मागवाल्याच्या मुलीचं बघून लिहिलं असेल, हे तेव्हा माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. मला एकदम सानिकाचाच राग आला. अठरा वर्षं ही मुलगी माझ्याकडे बघून गोड हसत आली, आणि मनात हे सगळं ठेवून! पण त्या रागाखालीही तेच होतं, जे शनिवारपासून पोटात दुखत होतं. एवढी वर्षं मनात जपावी अशी माझी एकही गोष्ट तिच्याकडे नव्हती. जपली होती ती त्या रेणुकाची.

"ते असू दे," मी म्हणाले. "माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तुझ्या शास्त्राप्रमाणे रेणुकाचा उगम मी निघाले तर?"

सानिकाने टोपी आणि टॅब पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. "तर पाटीवर तुमचं नाव. मी वचन देते. तुम्हीच जाऊन बघा. तुम्ही आल्याचा तिला आनंद होईल."

त्या आनंदाचं मला काय करायचं होतं? मी पिशवी घेतली आणि निघाले.

रेणुकाचं काम गावभागाच्या पलीकडे एका शेडमध्ये चालतं. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. शेजारच्या शेडमधले माग एवढे खडखडत होते की बोलायचं तर जवळ जावं लागत होतं. दुपारचा एक वाजला होता. वहिफणीला दोघी समोरासमोर बसतात, पलीकडची धागा पुढे करते, अलीकडची आकड्याने ओढून घेते. पलीकडची जेवायला गेली होती. रेणुका एकटीच स्टुलावर बसून फणी पुसत होती. सावळी, उंच, केसांत आत्ताच पांढरी बट. मला बघून ती ताडकन उठली, जसं काही घंटा झाली आणि मी वर्गात आले.

"मॅडम! आज इकडं कशा काय वाट चुकलासा? बसा की." तिने स्वतःचं स्टूल पदराने पुसून मला दिलं आणि उभीच राहिली.

मी तिला यंत्राचं सांगितलं. सानिकाने तिला बरंच आधी सांगितलेलं होतं, हेही मला टोचलं. "तुझ्यावर एकदा करून बघावं म्हणते," मी म्हणाले. "तुझी हरकत नसेल तर."

"माझी कसली हरकत? तुम्ही म्हणताय म्हटल्यावर."

ओळखफेरी मीच केली. तिच्या मोबाइलमधले आईवडिलांचे, नवऱ्याचे, सानिकाचे फोटो आणि आवाज घेतले. शाळेतल्या जुन्या शिक्षकांचे मी बरोबर आणले होते. माझा स्वतःचा फोटो सगळ्यांत पुढे घातला, तरुणपणीचा, चांगला आलेला. माझा आवाज तर समोरच होता. टोपी तिच्या अंबाड्यावर बसेना, तेव्हा तिने अंबाडा सोडला.

गणित मी घरून ठरवून आणलं होतं, चांगलं अवघड. "अशी सगळ्यांत लहान संख्या सांग, जिला तीनाने भागलं तर एक उरतो, आठाने भागलं तर पाच उरतात आणि साताने..."

"साताने?"

"दोन."

"सदतीस," ती म्हणाली.

मी पर्समधला कागद काढून बघितला. सदतीसच.

"कसं केलंस?"

"ह्ये काय, रोजचंच हाय की." तिने समोर टांगलेल्या वह्यांकडे हात केला. "आठ वह्या हायत. साटीनचं डिझाइन असलं की तीन-तीन पुढं जायचं. एक, चार, सात. मग दहा, पण धावी वही कुठाय? मग दोन. पाच, आठ, परत तीन, सहा. सगळ्या वह्यांना एकेक धागा मिळतो, कोण उपाशी राहत न्हाई. दोन-दोन पुढं गेलं तर निम्म्या वह्या मोकळ्याच राहतात. का राहतात, ते अप्पा मला लहानपणी विचारायचे. सानूलाबी मी हितंच आणून दाखवलंवतं. ती तर खुळीच झाली बघून."

भागाकाराच्या बाकीचं हे गणित मी तेहतीस वर्षं खडूने शिकवलं, आणि निम्म्या वह्या मोकळ्या का राहतात हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. मी टॅबकडे बघितलं. बसाप्पा तळवार, वडील, चौऱ्याहत्तर. आई, नऊ. सानिका, आठ. मग नवरा, दोन-तीन शेजारी. यादी बोटाने वर सरकवत शेवटी पोचले. उज्ज्वला मगदूम, एक.

चारावरून एकावर आले मी. अजून एकदा करूया, असं म्हणून मी दुसरं गणित घातलं, मग तिसरं, मग अपूर्णांकांचं एक, कारण अपूर्णांक तरी मीच शिकवले असणार. सात मिनिटांत चार गणितं सोडवली तिने. माझा एक काही हलला नाही.

"काय येतंय मॅडम?" रेणुकाने विचारलं.

"तुझे वडील येतायत." माझा आवाज मलाच कडू लागला. "रेणुका, सानिका प्रयोगशाळेला तुझं नाव देणार आहे. माहीत आहे ना?"

"म्हणालीवती. मी म्हटलं, काय खुळी का काय तू? मॅडमांचं दे की. शाळेला मॅडमांचं नाव शोभतंय. माझं नाव घेऊन काय करायचंय? त्या पाटीवर काय टोकं ओवायचीत?" ती हसली. अगदी मोकळं हसली, मनात काही नसल्यासारखी.

त्या हसण्याने माझा उरलासुरला धीर गेला. ज्या गोष्टीसाठी मी तीन रात्री झोपले नव्हते, ती हिने फणीवरची धूळ झटकावी तशी झटकून टाकली. देणारी ही, आणि घेणारी मी! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ती मीच, आणि बीळ देणारी वर "बसा की" म्हणतेय. पण तरीही मी ते घ्यायला तयार झाले. ते लपवणार नाही.

"मग एक करशील?" मी म्हणाले. "समारंभाला ये. स्टेजवर ये आणि तूच सांग, मला मगदूम मॅडमनी गणित शिकवलं म्हणून. दोन वाक्यं. तू सांगितलंस की सानिका ऐकेल."

रेणुकाचं हसू गेलं. तिने ओवायचा आकडा उचलून उगाच फिरवला. "नको मॅडम. तुमचं नाव सानूला फोनवर सांगते की मी. पण स्टेजवर नको."

"का?"

"मला कुठलं येतंय ते? चार माणसांत उभं राहून बोलायचं आपलं काम न्हवं. शिकलेली माणसं असत्यात तिथं. आपण आपल्या जागंवर बरं." हे म्हणताना तिची मान खाली गेली, खांदे पुढे आले, आणि एवढी उंच बाई माझ्यासमोर तेरा वर्षांची झाली.

टॅबवरची सगळी नावं पुसली गेली होती. वडील नाहीत, आई नाही, नवरा नाही, सानिका नाही. एकच ओळ उरली होती. उज्ज्वला मगदूम, एकोणनव्वद.

मी चष्मा काढून पुन्हा लावला. आकडा तोच. तेव्हा मला त्या दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशीचं आठवलं, मुलीचा चेहरा नाही, फक्त माझाच आवाज. बघून लिहायचं आणि वर उभं राहून बोलायचं! तुला काही येत नाही. आपली जागा ओळखून असावं माणसानं. ते वाक्य मी त्या एकाच वर्षी नाही, किती वर्षं वापरलं असेन कुणास ठाऊक. वर्ग शांत व्हायचा त्याने.

"आलं की मॅडम!" रेणुका माझ्या खांद्यावरून वाकून टॅब बघत होती. तिला नावं वाचता येत होती, आकडा वाचता येत होता. तिने आनंदाने टाळी वाजवली. "एकोणनव्वद! बघा, मी म्हणत न्हवते तुमचंच हाय सगळं म्हणून? आता यंत्रच बोललं. आता दावा जाऊन सानूला."

दाखवता आलं असतं. सानिकाने वचन दिलं होतं, 'रेणुकाचा उगम' एवढंच म्हणाली होती ती. आकडा खरा होता, यंत्र तिचंच होतं. एवढा मोठा आकडा तर सानिकाच्या पडद्यावर रेणुकालासुद्धा मिळाला नव्हता. खोटं सांगते असं मला कुणी म्हणू शकलं नसतं, आणि पाटी बिरनाळे सरांनी लगेच रंगवायला टाकली असती. मी टॅब छातीशी धरला. तोंडापर्यंत 'हो' आलं होतं.

पण ती बाई माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. ते मला सहन झालं नाही.

"रेणुका, हे गणिताचं नाही," मी म्हणाले.

"मग?"

"तू आत्ता म्हणालीस ना, मला कुठलं येतंय, आपण आपल्या जागेवर बरं. ते म्हणताना आलंय हे. गणित तुझ्या वडिलांनी शिकवलं. हे तेवढं मी शिकवलं."

शेजारच्या शेडमधला एक माग धागा तुटून बंद पडला, कुणीतरी तो जोडला आणि तो पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, रेणुका रडेल. मला वाटलं, शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. तिने दोन्ही हात वर केले, हळूच केसांतून टोपी सोडवली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"ह्ये तुमचं हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग घेऊन जावा, मॅडम. मला नको."